लकवा, लुळेपणा, ताठरपणा: पत्रकात कोणता शब्द?

घोडबंदर रोड, ठाणे: घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहितो आहोत. अप्पर आणि लोअर मोटर न्यूरॉनच्या (हालचालीचे आदेश नेणाऱ्या वरच्या आणि खालच्या चेतापेशींच्या) इजेला वेगळे शब्द हवेत. 'लकवा' दोन्हींना वापरतात.

नौपाडा: लकवा काय, 'अंगावरून वारं गेलं' काय, हालचाल गेली एवढंच कळतं. वरची चेतापेशी मेंदूतून मज्जारज्जूत उतरते, खालची तिथून निघून थेट स्नायूत शिरते. खालचीला इजा झाली की आदेश स्नायूपर्यंत पोचतच नाही. अंग लुळं पडतं, गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही, काही आठवड्यांत स्नायू वाळू लागतो. मधूनच तो त्वचेखाली लवतो. या फॅसिक्युलेशनला 'कंप' लिहू नका, 'स्नायू लवणे' लिहा. डोळा लवणं सगळ्यांना ठाऊक आहे. वरचीला इजा झाली तर खालची शाबूत असते, पण तिच्यावरचा लगाम सुटतो. मग अंग ताठर होतं, पाय जास्तच उडतो आणि तळव्याच्या कडेने रेघ ओढली की अंगठा वर जातो.

वाशी: हे बरोबर, पण 'लुळं म्हणजे खालची' असं छापू नका. पक्षाघातात किंवा मज्जारज्जूला मार लागल्यावर सुरुवातीला अंग लुळंच असतं, ताठरपणा दिवसा-आठवड्यांनी येतो. एएलएस या चेतापेशींच्या आजारात तर दोन्ही पेशी मरतात: हात वाळलेला, तरी हातोडीला जोरात उडणारा. लुळेपणा-ताठरपणा ही अवस्था, वरची-खालची ही इजेची जागा. दोन्ही वेगळं लिहा.

कळवा, फिजिओथेरपी: घरच्यांना अवस्थाच आधी कळायला हवी, कारण हाताळणी तिच्यावर ठरते. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नका, खांदा निखळू शकतो. बसवल्यावर हाताखाली उशी द्या. ताठर हात हिसकला की आणखी आवळतो. मूठ उघडताना आधी मनगट आत वाकवा, मग बोटं सावकाश सरळ करा आणि साधारण 30 सेकंद धरा.

घोडबंदर रोड: आणि फूट ड्रॉप? मसुद्यात 'पाऊल पडणे' आहे.

कळवा, फिजिओथेरपी: बदला! त्याचा अर्थ चालणं होतो. 'पाऊल लोंबणे' लिहा: पंजा वर उचलत नाही, बोटं जमिनीला घासतात, म्हणून रुग्ण गुडघा उंच उचलून चालतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबल्यानेही हे होतं, त्यामुळे तिथे स्प्लिंटचा (पायाला आधार देणाऱ्या साच्याचा) पट्टा आवळू नका.

नौपाडा: 'नस लवकर भरून येते' हे वाक्यही काढा. तुटलेला चेतातंतू वाढला तरी दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच वाढतो. गुडघ्याजवळच्या इजेनंतर पंजा हलायला कित्येक महिने लागतात.