मदत हवी आहे: व्हीडीआयवर सकाळी लॉगिनला चार मिनिटं लागतात, कोणतं स्टोरेज घ्यावं?

धावपळ
नमस्कार. घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. आमच्याकडे व्हीडीआय आहे, म्हणजे डेटासेंटरमधल्या सर्व्हरवर चालणारे ३०० व्हर्च्युअल डेस्कटॉप. गेल्या आठवड्यापासून सकाळी नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान लॉगिनला चार-चार मिनिटं लागतायत. दुपारी कुणी लॉगिन केलं तर पाऊण मिनिटात काम सुरू. होस्टचा (हे डेस्कटॉप चालवणाऱ्या सर्व्हरचा) सीपीयू ४० टक्क्यांवर जात नाही, रॅम शिल्लक आहे, नेटवर्क तपासलंय. पुरवठादाराचं म्हणणं, स्टोरेज कमी पडतंय, नवीन घ्या. परवा वरिष्ठांसमोर उत्तर द्यायचंय. कोणतं घ्यावं ते वापरलेल्यांनी सांगा. रीस्टार्ट वगैरे सगळं करून झालंय.

जुना_कन्सोल
अहो, नुसतं "व्हीडीआय" म्हणून काय कळणार? हायपरव्हायजर (एका सर्व्हरवर अनेक डेस्कटॉप चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता, ब्रोकर (वापरकर्त्याला डेस्कटॉप जोडून देणारा) कोणता? डेस्कटॉप पर्सिस्टंट (कायम राहणारे) की लॉगआउट झाल्यावर पुसले जाणारे? प्रोफाइल (प्रत्येकाची सेटिंग आणि फायली) कुठे ठेवता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या आठवड्यात काय बदललं?

चकती
हे सरळ सरळ बूट स्टॉर्म आहे, म्हणजे सगळे डेस्कटॉप एकदम चालू होण्याचा भार. एक विंडोज डेस्कटॉप निवांत चालू असताना सेकंदाला १०-२० आयओ (डिस्कवरची वाचन-लेखनं) मागतो, पण चालू होताना त्याच्या कितीतरी पट. तीनशे एकदम उठले की फिरत्या डिस्कचं कंबरडं मोडतं. आम्ही दोन वर्षं सोसलं, मग ऑल-फ्लॅश (फिरत्या डिस्क नसलेलं) स्टोरेज घेतलं आणि तक्रारी बंद झाल्या. पुरवठादार बरोबर सांगतोय, घेऊन टाका.

हलकं_ओझं
माझं मत विचाराल तर व्हीडीआयच काढा. प्रत्येकाला लॅपटॉप द्या, डिस्क एनक्रिप्ट करा, डिव्हाइस मॅनेजमेंट लावा. तीनशे लोकांचं काम एका खोलीतल्या चार रॅकवर का अडवून ठेवायचं?

धावपळ
@हलकं_ओझं, आमच्याकडे बाहेरचे कंत्राटदार काम करतात, डेटा डेटासेंटरबाहेर जाता कामा नये अशी अट आहे. तो विषय नको.
@जुना_कन्सोल, ब्रोकर होरायझन, हायपरव्हायजर ईएसएक्सआय, डेस्कटॉप इन्स्टंट क्लोन (एका मूळ इमेजवरून, म्हणजे साच्यावरून, झटपट बनणारे आणि लॉगआउटला पुसले जाणारे). प्रोफाइल एफएसलॉजिक्सच्या (प्रोफाइल एका फाइलमध्ये बांधून ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या) कंटेनरमध्ये, विंडोज फाइल सर्व्हरवर. डेस्कटॉपच्या इमेजमध्ये काहीच बदललेलं नाही.
@चकती, स्टोरेज आधीपासून ऑल-फ्लॅशच आहे. डेटास्टोअरची (डेस्कटॉपच्या डिस्क जिथे असतात त्याची) लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) सकाळीसुद्धा १-२ मिलिसेकंद.

जुना_कन्सोल
ऑल-फ्लॅश आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! १-२ मिलिसेकंद लेटन्सी असताना नवीन स्टोरेज कशाला घेताय? शिवाय इन्स्टंट क्लोन आधीच चालू करून ठेवलेले असतात. नऊ वाजता येतो तो लॉगिनचा लोंढा, बूटचा नव्हे. दोन्ही एकच धरले की असा चुकीचा खर्च होतो.

चकती
मान्य, बूट नसेल. पण लेटन्सी नेमकी कुठली मोजली? डेस्कटॉप ज्या डेटास्टोअरवर आहेत त्याची की प्रोफाइल ज्या फाइल सर्व्हरवर आहेत त्याची? लॉगिनच्या वेळी मार दुसऱ्यावर पडतो.

रात्रपाळी
"सीपीयू ४० टक्के" यावर विसंबू नका. होस्ट निवांत दिसतो आणि आतला डेस्कटॉप सीपीयूची पाळी यायची वाट बघत ताटकळतो. सीपीयू रेडी बघा, ते हीच वाट बघण्याची वेळ मोजतं. व्हीसेंटरच्या (ईएसएक्सआयच्या व्यवस्थापन कन्सोलच्या) रिअल-टाइम आलेखात तो मिलिसेकंदात येतो आणि प्रत्येक नमुना २० सेकंदांचा असतो. म्हणजे २००० मिलिसेकंद दिसले तर ते १० टक्के. प्रत्येक व्हीसीपीयूमागे (व्हर्च्युअल सीपीयूमागे) ५ टक्क्यांच्या वर गेलं की लोकांना जाणवायला लागतं. सर्व्हरच्या बायॉसमध्ये पॉवर प्रोफाइलही बघा. वीज वाचवण्याच्या सेटिंगवर ठेवलेला होस्ट मी दोनदा पकडलाय, आणि दोन्ही वेळा सगळे स्टोरेजलाच दोष देत होते.

पिक्सेल
आमच्याकडे लाल अक्षरं धूसर दिसायची. त्याचं कारण एच.२६४ (स्क्रीनचं चित्र पाठवण्याचं व्हिडिओ कॉम्प्रेशन) मधलं ४:२:० सबसॅम्पलिंग, त्यात रंगाची माहिती निम्म्या रिझोल्यूशनने जाते. ब्लास्टमध्ये (होरायझनच्या डिस्प्ले प्रोटोकॉलमध्ये) ४:४:४ निवडलं की अक्षरं स्वच्छ दिसतात, बँडविड्थ मात्र जास्त लागते. एक्सेलमध्ये रंगीत आकडे वाचणाऱ्यांनी हे नक्की करा.

धावपळ
@पिक्सेल, आमचा प्रश्न लॉगिनचा आहे.
@रात्रपाळी, रेडी दीड-दोन टक्के आहे. पॉवर प्रोफाइल हाय परफॉर्मन्सवर.
@चकती, डेटास्टोअरची मोजली होती. फाइल सर्व्हर बघितला नाही, तो दुसऱ्या टीमकडे आहे.

मोजपट्टी
दादा, अंदाज बांधणं थांबवा आणि चार मिनिटं कुठे जातात ते मोजा. एका त्रस्त वापरकर्त्याच्या डेस्कटॉपवर, तो लॉगआउट व्हायच्या आत, इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ग्रुप पॉलिसीच्या (विंडोजवर केंद्रातून लागू होणाऱ्या सेटिंगच्या) ऑपरेशनल लॉगमध्ये इव्हेंट ८००१ शोधा, वापरकर्त्याच्या पॉलिसीला किती सेकंद लागले ते त्यात लिहिलेलं असतं. मग प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये एफएसलॉजिक्स, त्यात लॉग्ज, त्यात प्रोफाइल. कंटेनर जोडायला कधी घेतला आणि कधी जोडून झाला, दोन्ही वेळा तिथे मिळतील. उरलेला वेळ लॉगिन स्क्रिप्ट आणि शेलचा (डेस्कटॉपची स्क्रीन तयार होण्याचा). एवढं केलंत की निम्मा धागा आपोआप निकाली निघेल.

धावपळ
मोजलं. तिघांचे लॉग बघितले, साधारण सारखेच. ग्रुप पॉलिसी ११ सेकंद. कंटेनर जोडायला २ मिनिटं ५० सेकंद! दुपारच्या लॉगिनमध्ये तेच काम ४ सेकंदांत झालंय.
फाइल सर्व्हरच्या टीमला विचारलं. नऊच्या सुमारास त्या सर्व्हरचा सीपीयू १०० टक्क्यांना भिडलेला असतो. गेल्या आठवड्यात सुरक्षा टीमने सर्व्हरवर नवीन अँटीव्हायरस घातला. डेस्कटॉपवर काही बदल नव्हता म्हणून मी लिहिलं नाही.

जुना_कन्सोल
मी दुसऱ्याच ओळीपासून हेच विचारत होतो. "काय बदललं" म्हणजे साखळीतली प्रत्येक गोष्ट, फक्त आपल्या ताब्यातली नाही.

मोजपट्टी
मग बहुतेक सापडलं. प्रत्येकाचं प्रोफाइल म्हणजे एक अख्खी व्हीएचडीएक्स (व्हर्च्युअल डिस्कची) फाइल. तिची डीफॉल्ट कमाल मर्यादा ३० जीबी. लॉगिन होताच डेस्कटॉप ती फाइल शेअरवरून (फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरवरून) उघडतो, आणि सर्व्हरवरचा अँटीव्हायरस ती तपासायला घेतो. दुपारी एक-दोन फायली उघडतात तेव्हा निभावतं, सकाळी तीनशेंची रांग लागते. व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स फायली रिअल-टाइम तपासणीतून वगळा. मायक्रोसॉफ्टच्या एफएसलॉजिक्स दस्तऐवजातच ही यादी दिलेली आहे, त्यात कुलुपाच्या आणि मेटाडेटाच्या छोट्या फायलीही आहेत, त्या विसरू नका. अपवाद सर्व्हरवर हवा, तसाच डेस्कटॉपच्या गोल्डन इमेजमध्येही (मूळ साच्यामध्येही).

कुलूपकिल्ली
इतक्या सहज अपवाद घालायला सांगू नका. फाइल सर्व्हरवर तपासणी बंद करणं म्हणजे रॅन्समवेअरला दार उघडं ठेवणं. मी या कामात आहे, अशाच "तात्पुरत्या" अपवादांतून आत शिरलेलं पाहिलंय.

मोजपट्टी
तुमची काळजी रास्त आहे, पण इथे संरक्षण सुटत नाही, त्याची जागा बदलते. व्हीएचडीएक्स जोडली की आतल्या फायली डेस्कटॉपवर साध्या फायलींसारख्या उघडतात, आणि तिथला अँटीव्हायरस त्या प्रत्येक वाचना-लेखनाला तपासतो. सर्व्हरवर तीच बंद पेटी बाहेरून पुन्हा तपासून नवीन काही हाती लागत नाही.

कुलूपकिल्ली
ठीक, पण मग अपवाद त्या एका शेअरच्या मार्गापुरताच घाला, अख्ख्या सर्व्हरवर एक्स्टेन्शन सरसकट सोडू नका. शेअरवर प्रत्येकाला फक्त स्वतःच्या फोल्डरचा हक्क ठेवा. आणि हे सुरक्षा टीमकडून लेखी करून घ्या, परस्पर नको.

रात्रपाळी
+१. मार्गापुरता अपवाद हेच योग्य.

छपाई
आमच्याकडे लॉगिननंतर प्रिंटर पाच मिनिटांनी दिसतो, त्याचं काय करावं? आम्ही सिट्रिक्सवर (होरायझनसारख्याच दुसऱ्या उत्पादनावर) आहोत.

जुना_कन्सोल
@छपाई, नवीन धागा काढा, इथे दोन्हींचा गोंधळ होईल.

धावपळ
सुरक्षा टीमने काल रात्री शेअरपुरता अपवाद घातला. आज सकाळी नऊ वाजता उभा राहून घड्याळ लावलं: ४८ ते ५५ सेकंद. फाइल सर्व्हरचा सीपीयू ३० टक्के. दुपारी वरिष्ठांना सांगितलं, खरेदी थांबली. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः @मोजपट्टी.
पण डिझाइन विभागाच्या वीसेक जणांची तक्रार कायम आहे. लॉगिन झटकन होतं, मॉडेल छान फिरतं, आणि थोड्या वेळाने स्क्रीन अडखळायला लागते.

चकती
डिझाइनवाले वेगळ्या पूलवर (डेस्कटॉपच्या गटावर) आहेत का? ग्राफिक्स कार्ड आहे का होस्टमध्ये?

धावपळ
हो, एन्व्हिडियाचं, व्हीजीपीयू वापरून (एक कार्ड अनेक डेस्कटॉपमध्ये) वाटलेलं. त्यांची इमेज वेगळी आहे, दोन महिन्यांपूर्वी नव्याने बनवली होती. तेव्हापासूनच कुरकुर होती, मी ती लॉगिनच्या तक्रारीतच मोजत होतो.

रात्रपाळी
"थोड्या वेळाने" म्हणजे नक्की किती? वीस मिनिटं का?

धावपळ
विचारून आलो. हो, वीसच्या आसपास, जवळपास रोज तेवढेच.

रात्रपाळी
मग लायसन्स बघा. व्हीजीपीयूला लायसन्स मिळालं नाही तर सुरुवातीला सगळं पूर्ण वेगाने चालतं. २० मिनिटांनी फ्रेम रेट सेकंदाला १५ वर बांधला जातो, २४ तासांनी ३ वर. तुमचे क्लोन लॉगआउटला पुसले जातात, म्हणून रोज नव्याने वीस मिनिटं चांगली मिळतात आणि कुणाला लायसन्सची शंका येत नाही. डेस्कटॉपमध्ये एन्व्हिडिया-एसएमआय ही कमांड क्यू पर्यायासह चालवा, लायसन्सची स्थिती दिसेल. नंतर इमेजमधला क्लायंट कॉन्फिग टोकनचा (लायसन्स सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या फाइलचा) फोल्डर उघडा.

धावपळ
"अनलायसन्स्ड" दाखवतंय. टोकनचा फोल्डर रिकामा आहे. इमेज बनवताना फाइल टाकायची राहिली. आता टाकतोय, संध्याकाळी पूल नव्याने लावेन.