शब्दचर्चा: कडीकोयंडा, डाख, झाळ आणि तोफेचा कान

मूळ प्रश्न

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करतोय, १:६४ प्रमाणात. सांगाडा उभा राहिला, फळ्या बसल्या, आता धातूच्या बारीकसारीक वस्तूंची पाळी आहे. दोर अडकवायच्या कड्या, सुकाणूच्या बिजागऱ्या, कप्प्यांचे पट्टे, चेनप्लेटी (डोलकाठीचे दोर जहाजाच्या अंगाशी बांधणाऱ्या पट्ट्या), तोफा. विकतच्या ओतीव वस्तू या मापाला फार जाड दिसतात, म्हणून पितळेची तार आणि पत्रा आणून सगळं हातानंच करतोय. सोबत एक वही ठेवली आहे: काय केलं, कसं केलं, काय फसलं. वही मराठीत आहे आणि तिथंच घोडं अडलंय. दर ओळीला "वायर ॲनील करून आयबोल्टला सोल्डर मारलं" असलं काहीतरी येतं. त्यात "करून" आणि "मारलं" एवढंच काय ते मराठी.

तर विचारतो. आयबोल्टला, म्हणजे दोर अडकवायच्या डोळ्याच्या खिळ्याला, काय म्हणावं? सोल्डरिंगला डाग देणे म्हणतात, डाक देणे की डाख देणे? झाळणे म्हणजे तेच की वेगळं? आणि ॲनीलिंगला, म्हणजे धातू तापवून नरम करण्याला, "पाणी देणे" चालेल का? "नेत्रकील" छापाचे शब्द सुचवणाऱ्यांना आधीच हात जोडतो.

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं शब्द चुकला तर कामही चुकेल. पाणी देणं ही पोलादाची गोष्ट. छिन्नी किंवा पटाशी लाल करून पाण्यात बुडवली की कडक होते, तेव्हा तिला पाणी दिलं असं म्हणतात. पितळेचा कारभार उलटा. पितळ ठोकून, वाकवून, ओढून ताठ होतं आणि तापवलं की नरम पडतं. तापवल्यावर पाण्यात बुडवा किंवा तसंच निवू द्या, नरम ते नरमच. तेव्हा पितळेला "पाणी दिलं" असं वहीत लिहिलंत तर वाचणारा समजेल की तुम्ही ते कडक केलंत.

त्याला शब्द आहे तावणे. ताव देणे असंही म्हणतात. "तावून सुलाखून निघालेला माणूस" आपण रोज बोलतो. त्यातलं तावणं म्हणजे धातू तापवणं आणि सुलाखणं म्हणजे भोक पाडून आतला कस बघणं. वाक्प्रचार जिवंत आहे आणि त्याच्या पोटातली क्रियापदं मात्र आपण विसरलो. "तार तावून घेतली" एवढं लिहा. अंधाऱ्या कोपऱ्यात तापवा म्हणजे मंद लाली चटकन दिसते. ती दिसली की ज्योत बाजूला.

प्रश्नकर्ता

हे आधी कळलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती. मला कुणीतरी सांगितलं होतं की कड्या उघडतायत तर पाणी दे, घट्ट होतील. मी दिलं. कड्या इतक्या मऊ झाल्या की दोर ताणल्यावर लांबट झाल्या, काकडीच्या बियांसारख्या. मला वाटलं, पाणीच कमी पडलं!

प्रतिसाद २

माझे आजोबा सोनारकाम करायचे, त्यामुळे डाख-झाळ हे घरात ऐकलेले शब्द आहेत. डाख म्हणजे जोडायला वापरतात तो वितळणारा धातू, आणि त्यानं जोडणं ते डाख देणे किंवा डाख लावणे. काही जण डाक म्हणतात. दोन्ही बरोबर, पण पत्राच्या डाकेशी घोळ नको म्हणून मी डाख लिहितो. डाग मात्र नको. डाग म्हणजे ठिपका, डाग म्हणजे दागिना, डाग देणं म्हणजे तापल्या सळईनं चटका देणं. तुमच्या जहाजावर तर तोफा आहेत आणि तोफही डागतातच. "तोफेला डाग दिला" हे वाक्य वाचून मी तरी आधी कानावर हात ठेवीन.

आता डाख आणि झाळ. बोलताना लोक दोन्ही एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, पण वहीत फरक ठेवलात तर फायदा तुमचाच. कथिल-शिशाचा मऊ जोड तो डाख. ६० भाग कथिल आणि ४० भाग शिसं असलेला डाख १८३ अंशांना वितळू लागतो आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतो, साध्या इस्त्रीवर काम होतं (सोल्डरिंगच्या इस्त्रीवर, कपड्यांच्या नव्हे). चांदी मिसळलेला कडक जोड तो झाळ. त्याचे प्रकार साधारण ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान वितळतात, तिथं ज्योतच लागते आणि टाकणखारही (बोरॅक्स) लागतो. तंत्राच्या पुस्तकांत ४५० अंशांची रेघ मारलेली असते, खाली सोल्डरिंग, वर ब्रेझिंग. म्हणजे ज्याला सगळे "सिल्व्हर सोल्डर" म्हणतात ते त्या हिशोबानं ब्रेझिंगच आहे. इंग्रजी नावच फसवं, आणि आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द असताना ते फसवं नाव आपण उसनं घेतो.

एक व्यवहाराची गोष्ट. पितळ स्वतः ९०० अंशांच्या आसपास वितळतं. झाळ आणि पितळ यांच्यात अंतर थोडं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला ते अंतर ओलांडायला डोळ्याची पापणी लवायचा वेळ पुरतो.

प्रश्नकर्ता

पुरतो. माझ्याकडे पितळी मण्यांची एक डबी भरत आली आहे.

प्रतिसाद ३

आयबोल्टला शब्द शोधताय आणि तो तुमच्या दाराला लटकतोय. कोयंडा!

जुन्या दाराचा कोयंडा आठवून बघा. लोखंडी पट्टी मधोमध वाकवून डोळा केलेला, दोन्ही पाय लाकडातून आरपार घालून मागच्या बाजूला फाकवलेले. आता तुमचा आयबोल्ट कसा करता ते बघा. तार ड्रिलच्या दांड्याभोवती वळवायची, दोन्ही टोकं पकडीत धरून पीळ द्यायचा किंवा एक टोक डोळ्यापाशी छाटून दुसरं सरळ ठेवायचं, आणि भोकात खुपसायचं. तोच घाट. आणि कोयंड्यात सुटी कडी ओवली की जे होतं, ज्याला जहाजावर रिंगबोल्ट म्हणतात, त्याला आपल्याकडे जोडशब्द कधीचाच तयार आहे: कडीकोयंडा. तोफेचे दोर ज्यात अडकवतात तो कडीकोयंडा.

मी तर पुढे जाऊन म्हणेन की सगळ्या "फिटिंग्ज"ना मिळून कडीकोयंडे म्हणा. "सांगाडा झाला, आता कडीकोयंडे करायचेत." कुणालाही कळेल.

प्रतिसाद ४

कडीकोयंडे मान्य, पण सगळ्यासाठी नको. तोफ काही कडीकोयंड्यात बसत नाही आणि नांगरही नाही. एकत्रित शब्द हवाच तर "धातूचं सामान" म्हणा, काम झालं.

सुकाणूच्या बिजागरीबद्दल कुणी बोललं नाही. तिला बिजागरी म्हणण्यात काही गैर नाही (हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला, आता घरचाच झाला). फक्त ती दाराच्या बिजागरीसारखी कायमची अडकलेली नसते. सुकाणूवरच्या पट्टीला खाली तोंड केलेली खुंटी असते, जहाजाच्या मागच्या खांबावरच्या पट्टीला कडं असतं, आणि खुंटी वरून कड्यात उतरते. सुकाणू वर उचललं की सुटतं. कारागीर अशा जोडीला नर-मादी म्हणतात. नळाच्या जोडाला, विजेच्या पिनेला, सगळ्यालाच. नरपट्टी सुकाणूवर, मादीपट्टी खांबावर. इंग्रजीत खुंटीवाली ती पिंटल आणि कड्याची ती गजन, पण यातलं कोणतं कुठं हे मी दर वेळी विसरायचो. नर-मादी म्हटल्यापासून विसरलो नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

नर-मादी झकास. तारेच्या जाडीबद्दल राहिलं होतं. सोनाराकडे तार बारीक करायला जंतर असतं, उतरत्या मापाच्या भोकांची पोलादी पट्टी. एकेका भोकातून तार ओढत नेली की बारीकही होते आणि सरळही. ओढल्यानं ताठ होते म्हणून मध्ये मध्ये तावायची, वर लिहिलंय तसंच. ड्रॉ-प्लेट लिहिण्यापेक्षा जंतर लिहा.

प्रतिसाद ५

मापाचा घोळही शब्दांमुळेच होतो. हार्डवेअरवाले सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. या कामात सूत म्हणजे हत्ती. आणि तार गेजमध्ये मिळते, तिथं आकडा वाढला की तार बारीक होते: २२ गेज ०.७१ मिलिमीटर, २६ गेज ०.४६, २८ गेज ०.३८. नवखा माणूस "मोठ्या नंबरची तार" म्हणतो तेव्हा त्याला जाड हवी असते की बारीक, हे दरवेळी विचारून घ्यावं लागतं. वहीत सरळ मिलिमीटर लिहा. खऱ्या जहाजावर २५ मिलिमीटर जाडीचा कोयंडा तुमच्या १:६४ ला ०.३९ होतो, म्हणजे २८ गेज. याच्याहून जाड तार घेतलीत तर विकतच्या ओतीव वस्तूंनी काय घोडं मारलं होतं?

प्रश्नकर्ता

मी २४ गेजनं केले होते सगळे. ०.५६. आता कळलं, कशात तरी खुपतंय असं का वाटत होतं ते. पुन्हा करतो.

डेडआयचं काय करू? तीन भोकांची लाकडी चकती, भोवती पितळेचा पट्टा. "मेलेला डोळा" लिहून बघितलं, वही बंद करावीशी वाटली.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

आंधळी कप्पी! कप्पीत चाक असतं, यात नसतं. काही फिरत नाही, दोर नुसता भोकांतून सरकतो.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

तीन डोळे असून आंधळी? नारळाला जाऊन विचारा काय वाटतं ते. गंमत सोडा, मला शब्द आवडला, पण वाचणाऱ्याला कळणार नाही. काही शब्द डेडआयसारखे तसेच राहू द्यावेत. चेनप्लेटचं मात्र मराठी करता येईल. तंबूच्या दोराला तणावा म्हणतात. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर तेच काम करतात, म्हणून ते तणावे, आणि त्यांना खाली जहाजाच्या अंगाशी बांधणारी ती तणावापट्टी. "चेन" आणि "प्लेट" ऐकून लोक साखळी करायला बसतात. बऱ्याच जहाजांवर ती नुसती लांब पट्टी किंवा लांबट कडी असते. शिवाय शब्दात तणावा आला की एक गोष्ट आपोआप लक्षात राहते. पट्टीचा तिरकेपणा तिच्या तणाव्याच्या रेषेत हवा. प्रत्येक पट्टी थोडी वेगळी तिरकी. आधी डोलकाठीपासून दोरा ताणून खूण करा, मग भोक पाडा. सगळ्या पट्ट्या एकमेकींना समांतर ठोकल्या की जहाज लांबूनसुद्धा चुकलेलं दिसतं.

डेडआयचा पट्टा आधी झाळून घ्या आणि लाकडी चकती नंतर दाबून बसवा. क्रम उलटा केलात तर कोळसा.

प्रतिसाद ६

उशिरा आलो, पण तोफांवर एक शंका. तोफेच्या दोन्ही बाजूंना जे दांडे येतात, ज्यांवर ती गाड्यात टेकते, त्यांना तोफेचे कान म्हणतात ना? कढईच्या कानांसारखे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

दिसतात तसे, पण नाही. तोफेचा कान म्हणजे मागच्या बाजूला वर असलेलं बत्ती द्यायचं भोक. "तोफांच्या कानात खिळे ठोकले" हे इतिहासाच्या लिखाणात वाचलं असेल. तोफ शत्रूच्या हाती पडली तरी निकामी राहावी म्हणून ते भोक बुजवायचे. बाजूच्या दांड्यांत खिळा ठोकून काय होणार? दांड्यांना दांडेच म्हणा. प्रश्नकर्त्यांनी वहीत "कान ०.५ नं पाडला" लिहिलं तर तो बत्तीचाच कान.

प्रश्नकर्ता

शेवटचा एक. पितळ चमकतं, ते काळं करायचंय. ऑक्सिडाइज करणे लिहू?

प्रतिसाद २ (पुन्हा)

नका लिहू. बाजारात "ऑक्सिडाइज्ड" म्हणून मिळणाऱ्या चांदीच्या दागिन्यावरचा काळेपणा बहुतेक वेळा गंधकाचा असतो, ऑक्सिजनचा नव्हे. गंजवणेही नको, गंज लोखंडाला चढतो. पितळ-तांब्यावर हिरवट चढतो तो कळंक, आणि तो तुम्हाला नकोच आहे. काळवणे पुरे. तांबं गंधकाच्या द्रावणात लगेच काळवतं, पितळ त्यात आढेवेढे घेतं, त्याला वेगळं द्रावण लागतं. आणि काळवायच्या आधी जोडावर सांडलेला डाख कानशीनं साफ करा. डाखावर पितळेसारखा रंग चढत नाही. काळ्या कड्यावर पांढरा ठिपका राहतो. त्याला मात्र खुशाल डाग म्हणा.

प्रश्नकर्ता

आजची वहीतली नोंद: "२८ गेजची तार तावून १ मिमी ड्रिलच्या दांड्यावर वेढे घेतले. वेढे करवतीनं कापले, पकडीनं नाही, म्हणजे टोकं चौकोनी मिळतात. कड्या बाजूला मुरडून मिटवल्या, ओढून नाही. १२ कडीकोयंडे झाले. ३ झाळताना वितळले. तणावापट्ट्या उद्या."