रापणीतल्या माशांच्या अकराच जाती मिळतायत, काय चुकतंय? (अर्जंट)

लाटेवरची_चिऊ: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, वाळूच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात किती जातींचे मासे आहेत ते बघायचंय. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला रापणीला (किनाऱ्यावरून दोराने ओढतात ते मोठं जाळं) जातेय पण अकराच्या वर आकडा जात नाही, तारली, पेडवे, बांगडा, ढोमी हेच परत परत. गाइड म्हणतात एवढे कमी असूच शकत नाहीत. शिवाय एक चपटा चांदीसारखा बोटभर मासा आहे त्याचं नाव कळेना. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, प्लीज सांगा.

खाडीकाठ: किनारा कुठला? जाळ्याचा आस (भोक) केवढा? भरतीला जातेस की ओहोटीला? फोटो टाक.

लाटेवरची_चिऊ: तारकर्लीच्या बाजूला, रापण. सकाळी जाते. फोटो अपलोड होत नाहीये.

नियमवाला: मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी लागेल.

लाटेवरची_चिऊ: मी काही पकडत नाही हो, रापणकरांचेच मोजते.

दर्याचो_पोर: ताई, मुडदुशे तुका रापणीत कमीच गावतले. जाळा इला की वाळूत घुसतत ते. पागूक (हातान जाळा फेकूक) गेलंस तर गावतले.

किनारा_वाचवा: जातीच कमी झाल्यात, त्यात मोजणीचा काय दोष? बोटीवर एलईडी दिवे लावून, उजेडाला आलेले मासे रात्री उपसतात, 2017 ला बंदी आली तरी चालूच आहे.

खाडीकाठ: अहो एलईडीवाले खोल पाण्यात असतात, तिने कंबरभर पाण्यातलं विचारलंय.

किनारा_वाचवा: खोलातला मासाच किनाऱ्याला येतो ना? बांगडा काय कंबरभर पाण्यात जन्मतो का?

सुगरण_रत्नांग्री: मुडदुशे म्हणजे आमच्याकडची रेणवी. तिरफळ घालून तिखलं करा, पण तिरफळ ठेचून शेवटी घाला नाहीतर कडू होतं.

खाडीकाठ: चिऊ, त्या चपट्या माशाचं तोंड हलकेच ओढून बघ, नळीसारखं बाहेर येईल. अंग बुळबुळीत आणि खवले जवळजवळ दिसतच नसतील तर तो 'काप' नावाचा मासा. त्यातही तोंड वरच्या बाजूला वळलं तर सेक्युटर ही प्रजाती, खाली किंवा समोर आलं तर लायोग्नॅथस, आणि आत सुळ्यासारखे दात दिसले तर गाझा. खवले मोठे स्पष्ट असतील तर मग गेरिस बघ, त्याचंही तोंड खाली येतं म्हणून फसायला होतं. आणि एक सांग, मोजतेस नेमकी कुठे?

लाटेवरची_चिऊ: रापणकर मासळीचे वाटे घालतात ना, तिथे.

खाडीकाठ: मग तिथेच घोळ आहे गं! वाटे पडेपर्यंत खपणारा मासा वेगळा झालेला असतो. केंड, शिंगाळ्याची पिल्लं, बोटाएवढे लेपे, कापाचा चुरा, हे सगळं वाळूतच टाकतात, घारी न् कुत्री खातात. उथळ पाण्यात तर पिल्लंच जास्त असतात, मोठ्या माशांपासून तिथे आडोसा मिळतो. तुझी यादी बाजाराची झालीये, पाण्याची नाही.

दर्याचो_पोर: खरा बोलतत. आणि पाकट असली तर हात लावू नको, शेपटीक काटो असता.

नियमवाला: आजवरच्या नोंदी फेकू नका, "विक्रीयोग्य मासळी" असा वेगळा रकाना करा. भरती-ओहोटीची वेळ पण लिहा.

लाटेवरची_चिऊ: दोन महिने मी ते वाळूतले मासे ओलांडून जात होते! उद्या रविवार, रापण किती वाजता ओढतात, कोणाला माहितीये का? मी नेहमी साडेआठला पोचते.

दर्याचो_पोर: साडेआठाक सगळा आटापता ताई. काळोखातच ये, दोर ओढूक आमका पण माणूस होयो.

पर्यटक_पुणे: तारकर्लीला डिसेंबरात रूम किती दिवस आधी बुक करावी लागते?