कडेवरचं मूल आणि चिखलातली पावलं

वाघाच्या पावलाचा ठसा चौकोनी असेल तर नर, लांबट असेल तर मादी, असं साधारणपणे ओळखतात. त्यात माणसाच्या पावलांची भर घालावीशी वाटते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे, आटलेल्या तळ्याच्या पात्रात, दीड किलोमीटरहून लांब अशी पावलांच्या ठशांची रांग सापडली. तिचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदान १०,००० वर्षांपूर्वी कुणीतरी, बहुधा एक तरुणी, निसरड्या चिखलातून झपाझप चालत गेली. मध्येच तिच्या पावलांशेजारी चिमुकली पावलं उमटतात आणि पुन्हा नाहीशी होतात. म्हणजे कडेवरचं मूल तिने जरा वेळ खाली ठेवलं, परत उचललं. किती दमली असेल! परतीच्या ठशांत मात्र मूल कुठेच नाही.

तिच्या जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात एक मॅमथ (हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद) आणि एक महाकाय स्लॉथ (जमिनीवर वावरणारा, आता नामशेष झालेला अवाढव्य सस्तन प्राणी) ती वाट ओलांडून गेले. मॅमथ सरळ निघून गेला. स्लॉथ मात्र थबकला, मागच्या पायांवर उभा राहिला. बहुधा माणसाचा वास आला असावा. नुसत्या हाडांच्या अवशेषांतून हे कधी कळलं असतं?

ते लेकरू तिने कुणाकडे सोपवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.