ख्रिस्ती श्रद्धा आणि मतदान: एकाच धर्मग्रामात वेगवेगळे पक्ष

प्रश्न (वसई)
आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजात, निरनिराळ्या पक्षांचे मनापासून काम करणारे लोक आहेत आणि रविवारच्या मिस्साला (चर्चमधील सामुदायिक उपासनेला) ते एकाच बाकावर बसतात. निवडणूक जवळ आली की काहींना वाटते, फादरांनी प्रवचनात कोणाला मत द्यावे ते स्पष्ट सांगावे. काहींना राजकारणाचा उच्चारही नको असतो. ख्रिस्ती श्रद्धा एखाद्या विशिष्ट पक्षाकडे नेते का? नेत नसेल, तर मत देताना तिचा उपयोग काय?

उत्तर १ (पणजी)
आधी कायदा पाहावा. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3) नुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी, धर्माच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने हे बंधन मतदाराच्या धर्मालाही लागू असल्याचे सांगितले. कॅथलिक चर्चचा 1983 चा कायदाही धर्मगुरूंना सत्तेची पदे स्वीकारू देत नाही आणि पक्षकार्यात सक्रिय होण्यापासून सामान्यतः रोखतो. प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांवर, मात्र असे बंधन नाही, उलट राजकारण हे त्यांचेच क्षेत्र मानले आहे.

गोव्यातील ख्रिस्ती मतदार एका पक्षाला बांधलेला आहे, ही समजूत तर टिकतच नाही. 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाविरुद्धचा निकाल केवळ ख्रिस्ती मतांवर लागणे शक्य नव्हते, आणि 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या नेतृत्वाखाली भाजपचे कॅथलिक उमेदवारही निवडून आले.

उत्तर २ (अहिल्यानगर, प्रोटेस्टंट मंडळी)
मिझोरमचे उदाहरण विचारात घ्यावे, असे मला वाटते. तेथे प्रमुख पक्षांचे बहुतेक नेते ख्रिस्तीच असल्यामुळे ‘आपल्या माणसाला मत द्या’ या वाक्याला अर्थच उरत नाही. तेथील मंडळ्यांच्या (चर्चच्या) पुढाकाराने 2006 मध्ये स्थापन झालेला मिझोरम पीपल्स फोरम पक्षांशी करार करतो आणि प्रचाराच्या खर्चावर व पद्धतीवर मर्यादा घालतो. एकाच व्यासपीठावर मतदारसंघातील सर्व उमेदवारांना बोलावले जाते आणि लोक त्यांना समोरासमोर ऐकतात. 2023 मध्ये मतमोजणी रविवारी येत होती, तेव्हा विविध स्तरांतून मागणी झाल्यावर निवडणूक आयोगाने ती सोमवारी, 4 डिसेंबरला ठेवली. म्हणजे श्रद्धेने निवडणुकीची रीत घडवली, पक्ष मात्र ज्याचा त्याने निवडला. अर्थात ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या राज्यातील रीत वसईत जशीच्या तशी चालणार नाही.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)
वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, पण त्यांतून ‘चर्चने गप्प राहावे’ असा अर्थ कोणी काढू नये. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींच्या व्याख्येत पुढे शीख आणि बौद्ध आले, दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. मराठवाड्यातील आमच्या लोकांना त्यामुळे राखीव जागेवर उभेही राहता येत नाही. हा प्रश्न वेदीवरून मांडला, तर तो पक्षप्रचार कसा होईल? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या आंदोलनात पाणी, शेती आणि गुंडगिरी या विषयांवर उघड भूमिका घेतली, तीही धर्मगुरू राहूनच. माझ्या दृष्टीने मर्यादा स्पष्ट आहे: प्रश्नांची नावे घ्यावीत, चिन्हाचे नाव घेऊ नये. बायबलमधील मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्यांविषयी आणि बंदिवानांविषयी विचारले जाते. उमेदवारालाही तेच विचारावे आणि त्याचे मागील काम पाहावे.

प्रश्नकर्ता (वसई)
सर्वांचा आभारी आहे. सर्व उमेदवारांना एकत्र बोलावण्याचा प्रस्ताव मी धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळापुढे (सल्लागार समितीपुढे) ठेवीन. आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करता येत नाही, म्हणून सभा गावातील सार्वजनिक सभागृहात घ्यावी आणि तिला इतर धर्मांच्या शेजाऱ्यांनाही बोलवावे, असे मला वाटते. पाणी आणि शेतजमीन हे विषय त्यांचेही आहेत.