भाऊ बहिणीला मारतो आणि तोच तिचा कायदेशीर पालक व्हायला निघालाय. ना-हरकतीवर सही करू का?

प्रश्न (नंदनवन, नागपूर)

माझी धाकटी बहीण बेबी ३४ वर्षांची आहे. जन्मापासून मतिमंद. आई होती तोवर मानेवाड्याच्या घरात तिचं न्हाणं-धुणं, जेवण-खाण सगळं आईच बघायची. आई जानेवारीत गेली. आता बेबी त्याच घरात दादाजवळ आहे. बाबा रेल्वेत होते, म्हणून फॅमिली पेन्शन आता बेबीला आयुष्यभर मिळू शकते. त्यासाठी दादानं कलेक्टर ऑफिसात पालकत्वाचा अर्ज टाकला आणि माझ्याकडून स्टॅम्पपेपरवर ना-हरकत मागून राहिला.

पण तो तिला मारतो. आधीही हात उचलायचा, तेव्हा आई मधे पडायची. मागच्या रविवारी गेले तर बेबी भर उन्हात गच्चीच्या जिन्यावर बसलेली. डाव्या मनगटात फुटक्या बांगडीची काच रुतून रक्त सुकलेलं. विचारलं तर म्हणे, "बेबी पडली. बेबी शहाणी." तेवढ्यात फाटकाशी दादाची गाडी थांबली. ती उठली आणि दोरीवरचा टॉवेल काढून घडी करायला लागली. घडी झाली की उलगडायची, पुन्हा करायची. तो घरात जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही. वहिनी मला हळूच म्हणाल्या, चादर ओली केली की त्या दिवशी तिला जेवण नसतं.

सही दिली नाही तर तिला कोराडी रोडच्या मनोरुग्णालयात टाकतो म्हणतो. पोलिसांकडे गेले तर "घरचा मामला आहे, बसून मिटवा" ऐकून परत आले. मी ब्लाउज शिवते, दोन खोल्यांचं घर आहे, पण तिला ठेवायला माझ्या नवऱ्याचीही ना नाही. एकदा कागदावर दादा पालक झाला की मला दारातही उभं करणार नाही, ही भीती आहे. काय करू?

उत्तर १

ताई, आईला जाऊन वर्षही झालं नाही. मामा-काकांना बसवा, समजुतीनं घ्या. भांडणात पेन्शन अडकली तर नुकसान बेबीचंच आहे.

उत्तर २ (वकील, सिव्हिल लाइन्स)

बैठकीत बेबी बोलणार कोणासमोर? जो मारतो त्याच्याच समोर. मग "बेबी पडली" हेच ऐकायला मिळेल. असं करू नका. पेन्शन दोन महिने उशिरा मिळाली तर चालेल.

सही देऊ नका आणि गप्पही बसू नका. तुमच्या भावाचा अर्ज १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे गेला असणार. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य असतो. त्यांच्याकडे लेखी हरकत द्या. मनगट, जिना, उपाशी ठेवणं, सगळं तारखांसह लिहा. बेबीला भावाच्या गैरहजेरीत, ओळखीच्या माणसाजवळ बसवून ऐकावं, ही मागणी वेगळी आणि ठळक लिहा. पालक तुम्ही व्हायला तयार असाल तर तुमचाही अर्ज जोडा.

पण समितीचा निर्णय होईपर्यंत मार थांबत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो फक्त नवरा-बायकोचा नाही, एका घरात राहणाऱ्या बहिणीलाही लागू होतो, आणि कलम १२ चा अर्ज तिच्या वतीनं तुम्ही करू शकता. संरक्षणाचा आणि राहत्या घरातून न काढण्याचा अंतरिम आदेश मागा, सुनावणी बंद दाराआड घ्या म्हणा. दिव्यांगाला अपमान करण्याच्या हेतूनं मारणं किंवा ताब्यात असताना जाणूनबुजून उपाशी ठेवणं हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. पोलीस "घरचा मामला" म्हणाले तर हे कलम लेखी तक्रारीत घाला आणि पोच घ्या. त्याच कायद्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं.

उद्याच तिला मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या, एमएलसीची, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी जखमेची वैद्यकीय नोंद करून घ्या. जखम भरली की पुरावा गेला.

मनोरुग्णालयाची धमकी पोकळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्व मानसिक आजाराच्या व्याख्येतूनच वगळलं आहे. आणि वकिलाच्या फीची काळजी सोडा. बाईला आणि दिव्यांगाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस आहे.

उत्तर ३

मी माझ्या मुलाचा कायदेशीर पालक आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पालक झालो म्हणजे मालक झालो असं नाही हो. सहा महिन्यांत त्याच्या नावच्या मालमत्तेची यादी द्यावी लागली, आता दरवर्षी हिशोब देतो. पैसा खाल्ला किंवा छळ केला तर नातेवाइकांच्या अर्जावरून समिती पालकाला काढू शकते. म्हणजे उद्या दादाच पालक झाला तरी तुमचा रस्ता बंद होत नाही. आणि घर कोणाच्या नावावर आहे? आईच्या असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यात बेबीचाही हिस्सा आहे. हरकतीत तेही लिहा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मेडिकलला जाऊन आलो. मनगटातून काचेचा एक तुकडा निघाला. पाठीवर जुने वळही सापडले, ते मी कधी पाहिलेच नव्हते. आई असती तर तिला कळलं असतं, हे रात्रभर डोक्यात होतं. हरकत दिली, पोचवर आवकचा शिक्का आहे. बेबी माझ्याकडेच आहे, तसं पोलीस ठाण्यात लिहून दिलंय. कुलकर्ण्यांची स्कूटर गल्लीत आली तरी ती टॉवेल शोधते.

वहिनींना साक्षीला बोलवू का? जेवणाचं त्यांनीच सांगितलं होतं.

उत्तर २ (वकील)

जोर करू नका. त्यांना आज रात्रीही त्याच घरात झोपायचंय. एकट्या भेटल्या तर त्यांना महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर द्या आणि त्यांच्यावरही हात उठतो का, ते हळूच विचारा. एमएलसीचा कागद आणि तुमचा जबाब सध्या पुरेसा आहे.