टिनमॅन आवश्यक आहे, पण पुरेसे नाही

‘टिनमॅन जनुक सुरू झाले की फळमाशीच्या भ्रूणात हृदय तयार होते’ या विधानात थोडी भर घालावीशी वाटते. टिनमॅन नसल्यास हृदय घडतच नाही, हे १९९३ मध्ये दाखवले गेले, ते खरेच आहे. मात्र ‘ट्विस्ट’ या जनुकाच्या प्रभावाने टिनमॅन सुरुवातीला भ्रूणाच्या संपूर्ण मध्यस्तरात (ज्यातून स्नायू, हृदय वगैरे घडतात त्या पेशींच्या मधल्या थरात) सक्रिय होते आणि तरीही त्यातील बहुतेक पेशी हृदयाच्या होत नाहीत. पाठीकडच्या बाह्यस्तरातून (पेशींच्या बाहेरच्या थरातून) येणारा ‘डीपीपी’ या प्रथिनाचा संदेश जिथवर पोहोचतो, तिथेच टिनमॅन टिकून राहते. त्या पट्ट्यातही ज्या पेशींना ‘विंगलेस’ या दुसऱ्या प्रथिनाचा संदेश मिळतो, त्याच हृदयाच्या वाटेला लागतात. दोन संदेश जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच हृदयाची जागा ठरते, आणि मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पुढे या पेशींच्या दोन रांगा पाठीच्या मध्यरेषेवर येऊन जुळतात आणि त्यांची नळी बनते. उदराच्या बहुतेक खंडांत प्रत्येक बाजूला अशा सहा पेशी असतात: चारांत टिनमॅन चालू राहते, तर उरलेल्या दोनांत त्याऐवजी ‘सेव्हन-अप’ हे दुसरे जनुक चालू असते. नळीच्या मागच्या भागात याच सेव्हन-अप पेशींपासून रक्तद्रव आत घेणारी छिद्रे तयार होतात. म्हणजे हृदयातच काही पेशींमध्ये टिनमॅन बंद व्हावे लागते.

टिनमॅनच्या मानवातील समकक्ष जनुकातील बिघाडामुळे हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः छिद्र राहू शकते, हे १९९८ मध्ये आढळले.